एका काठीची शाळा

ग्रीनच्या आसपासचा, तीस-चाळीस यार्डांच्या आतला खेळ कसा सुधारावा, या प्रश्नाला गोल्फच्या अध्यापनात ढोबळमानाने दोन उत्तरे मिळतात. पहिले मोजमापाचे. नासातील संशोधन सोडून गोल्फकडे वळलेले डेव्ह पेल्झ हे त्याचे नामवंत प्रवक्ते. हात घड्याळाच्या काट्याप्रमाणे अमुक खुणेपर्यंत मागे न्यावा, अमुक काठी घ्यावी, म्हणजे चेंडू अमुक अंतर जाईल, असे जणू कोष्टकच ते हाती देत. दुसरे उत्तर स्पेनमधील पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडते. आम्ही या दुसऱ्या उत्तराच्या बाजूचे आहोत.

सेव्हे बाय्येस्तेरोस (१९५७-२०११) हा शेतकऱ्याचा मुलगा त्या वाळूत तीन क्रमांकाच्या एकाच आयर्नने खेळत वाढला. या काठीचे पाते बरेचसे उभे. ती चेंडू लांब धाडण्यासाठी घडवलेली. तिने चेंडू उंच उडवून अलगद उतरवायचा तर पाते उघडे धरावे लागते, मनगट सैल सोडावे लागते आणि वाळू ओली की कोरडी हे पायांनी ओळखावे लागते. नियमाने १४ काठ्या बाळगता येतात. नेमकी निवडली की निम्मे काम काठीच करते. एकच असली की सारे काम खेळणाऱ्यावर येते.

१९७६च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल बर्कडेलच्या शेवटच्या होलवर, १९ वर्षांच्या सेव्हेचा चेंडू ग्रीनच्या डावीकडे पडला. वाटेत दोन बंकर. चेंडू त्यांवरून उडवणे हा रूढ मार्ग. त्याने मात्र दोहोंमधल्या अरुंद पट्टीतून तो जमिनीलगत नेला, पुढच्या फटक्यात होलमध्ये घातला आणि जॅक निक्लॉसच्या बरोबरीने दुसरे स्थान मिळवले. हा फटका कोष्टकात बसणारा नव्हता. जमीन वाचता येणाऱ्यालाच तो दिसला.

यावर दोन आक्षेप संभवतात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी २०१४च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की व्यावसायिकांमधील गुणांच्या फरकाचा सुमारे दोनतृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. हे आम्हांस मान्य आहे; परंतु आमचा प्रश्न छोट्या खेळाचे मोल किती हा नसून तो शिकावा कसा, हा आहे. दुसरा आक्षेप असा, की सेव्हे प्रतिभावंत होता, सामान्याला कोष्टकच बरे. कोष्टकाचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. पण शंभर चेंडू एकाच सपाट जागेवरून, एकाच अंतरावर मारणाऱ्याला उतारावरचा एकशे एकावा चेंडू अनोळखीच राहतो. त्यापेक्षा एकच काठी घ्यावी, प्रत्येक चेंडू नव्या जागी ठेवावा, तो कोठे टेकेल आणि तेथून किती घरंगळेल हे आधी ठरवावे, मगच मारावा.

हे आम्ही साहित्याच्या वर्गात बसून लिहीत आहोत, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. आमचे विद्यार्थी परीक्षेला समीक्षापद्धतींच्या चौदाही काठ्या घेऊन येतात. न शिकवलेली कविता समोर ठेवली, की कोणती काठी काढावी एवढाच विचार होतो. कवितेची जमीन कोणी पाहत नाही. दोष त्यांचा नव्हे. सराव आपणच सपाट जागेवर घेतला आहे. निदान वर्षातले काही तास तरी एक अनोळखी कविता आणि नुसते वाचन, एवढ्यावरच वर्ग चालवावा, असे आमचे मत आहे.