पोलादातील सूक्ष्म वीण

चंद्रपूरहून राजुरामार्गे मंचेरियालकडे निघालेल्या प्रवाशाला महाराष्ट्राची सीमा ओलांडताच वांकिडी लागते. हे गाव एके काळच्या आदिलाबाद जिल्ह्यातले. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. त्याच जुन्या जिल्ह्यात पश्चिमेला निर्मळ आहे आणि त्या बाजूने गोदावरी उतरले की कोनासमुद्रम्. या निजामी मुलखात मुशीतले पोलाद तयार होई आणि ते नेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. हेन्री व्हॉयसी यांनी केलेले तेथील भट्ट्यांचे वर्णन १८३२ साली छापून आले. जगाने मात्र या पोलादाच्या तलवारींना दमास्कसच्या तलवारी म्हटले! नाव बाजारपेठेचे राहिले, कारागिराचे बुडाले.

२००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील पीटर पाउफलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील अशा एका तलवारीचा तुकडा तपासला. त्यात कर्बाच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. या नलिकांची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजायची, आणि एका मिलिमीटरात असे दहा लाख नॅनोमीटर मावतात. या निष्कर्षाबद्दल काही धातुशास्त्रज्ञांनी शंका घेतली, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्याकडे तेवढ्यावरून पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होते अशा आरोळ्या उठल्या, त्या आम्हांला मान्य नाहीत. लोहाराला नलिका ठाऊक नव्हत्या. त्याला ठाऊक होते ते हे : मुशीत लोखंडाबरोबर कोणती लाकडे व पाने घालावीत, तोंड मातीने कसे लिंपावे, निवू किती सावकाश द्यावे आणि मग किती बेताच्या आचेवर ठोकावे. या संयमामुळेच लोह-कर्ब संयुगाचे बारीक कण ओळीने रचले जात आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. हे ज्ञान हातांत होते, म्हणून हात थांबताच ते गेले. कारागिराला देवत्व देणे सोपे. त्याची कृती टिपून ठेवणे कष्टाचे, आणि ते वेळीच कोणी केले नाही.

लहान कणांतून मोठा आकार रचण्याची ही विद्या आज प्रयोगशाळेत नव्याने मांडली जात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला. प्रथम सोन्याचे गोल कण तयार झाले. ते जणू द्रवरूप असल्यासारखे एकमेकांत मिसळले आणि त्यांतून पातळ त्रिकोणी पत्रे घडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. भट्टी नाही, जहाल रसायने नाहीत. कोकण-गोव्यात परसदारी विहिरीकडेला उगवते तेच गवत.

फरक एवढाच की पुण्याचा प्रयोग लिहिला गेला, म्हणून तो कोणालाही पुन्हा करून पाहता येतो. तेलंगणातील भट्ट्यांचा पुरावा उरला आहे तो बव्हंशी मळीच्या ढिगांत आणि फुटक्या मुशींत. २०१० साली बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था व ब्रिटनचे एक्झिटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणात या स्थळांची पाहणी केली. ती नोंद स्वागतार्ह आहे, पण शेत सपाट करणाऱ्या नांगराला ती अडवू शकत नाही. तेलंगण सरकारने निवडक स्थळांना संरक्षण द्यावे. सीमेच्या अलीकडे चंद्रपूर व गडचिरोलीतही लोखंड गाळण्याची जुनी परंपरा होती. महाराष्ट्र सरकारने तेथे अशीच पाहणी हाती घ्यावी, आणि तीत गावोगावच्या लोहार कुटुंबांना मजूर म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून बोलवावे.