चोरीच्या हत्यारावर घडवलेलं कुलूप

आपल्या संभाजीनगरात सॉफ्टवेअर विकणाऱ्या मालकांची एक जात आहे. तिची मला चीड आहे. ऑफिस चिकलठाण्यात किंवा सिडकोत. धंदा वाळूजच्या व्हेंडरांना स्टॉकची आणि जीएसटी बिलांची सॉफ्टवेअरं विकण्याचा. प्रत्येक कॉपीला असं कुलूप, की एका कॉम्प्युटरवरची दुसऱ्यावर चालता कामा नये. गिऱ्हाइकाने ते फोडलं की साहेब लालबुंद! आमच्या कष्टांची चोरी झाली म्हणून आरडाओरडा. आणि हे कष्ट ज्या व्हिज्युअल स्टुडिओवर उपसले, तो कुठला हो? क्रॅक मारलेला. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणलेला.

कॉपीराइट कायद्याचं कलम 63-बी गिऱ्हाइकाला जितकं लागू, तितकंच साहेबांनाही. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली, तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड.

बरं, ही चोरी निदान गरजेपोटी असावी? तेही नाही! 2014 पासून याच व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. कॉम्प्युटर 250 च्या वर नकोत, वर्षाची उलाढाल 10 लाख डॉलरच्या वर नको. एवढं असलं की कंपनीतल्या पाच जणांना ती धंद्यासाठी राजरोस वापरता येते. चौघांच्या ऑफिसाला आणखी काय हवं? पण फुकटात साहेबांची प्रतिष्ठा मावत नाही. त्यांना ‘एंटरप्राइज’ पाहिजे, माणशी महिन्याला 250 डॉलरच्या घरातलं. त्यात लाइव्ह युनिट टेस्टिंग आहे म्हणे. अहो, तुमच्याकडे आजवर एक टेस्ट तरी लिहिली गेली आहे का? तुमचं टेस्टिंग गिऱ्हाईक करतं, महिनाअखेरीला, फोनवरून शिव्या घालत.

महाग म्हणजे उत्तम, हा समज 1983 सालीच मोडीत निघाला. बाकीचे कंपायलर शेकडो डॉलरला विकले जात होते, तेव्हा बोरलँडने टर्बो पास्कल 49.95 डॉलरला बाजारात आणला. संपादक आणि कंपायलर एकाच पडद्यावर, वेग अफाट. लोकांनी तो धडाधड विकत घेतला. त्याच घराण्यातला टर्बो सी++, तोही सी++ भाषेच्या 1998 च्या प्रमाणीकरणाआधीचा, आपल्या कित्येक कॉलेजांत डॉसबॉक्समध्ये कोंबून अजून शिकवतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. त्या निळ्या पडद्यावरून पोरगं नोकरीला येतं, तेव्हा कोणतं हत्यार वापरायचं हे आपल्यालाही ठरवता येतं, याचा त्याला पत्ताच नसतो. साहेबांना असा पोरगा फार आवडतो.

निर्णय खरं तर त्या पोराचा आहे. दिवसाचे आठ तास तो त्या खिडकीसमोर बसतो, साहेब नाही. महागड्या आवृत्तीची ट्रायल टाका. डेमो नको, गिऱ्हाइकाच्या चालू कामाची नक्कल त्यावर करायला द्या; मात्र ट्रायलवर बनवलेलं गिऱ्हाइकाला देऊ नका, ट्रायल फक्त पारखण्यापुरती असते. महिन्यात किती तास वाचले ते त्यालाच मोजू द्या आणि त्या तासांचा पगार परवान्याच्या बिलाशेजारी मांडा. पगार जास्त भरला, तर मुकाट्याने चेक फाडा. कमी भरला, तर कम्युनिटी आहेच. पाचाचे सहा झाले, की सहाव्याच्या परवान्याचे पैसे त्याला घेतानाच हिशेबात धरा.