मामावर गेलाय म्हणे!

बाळ वेळेत बसलं नाही, रांगलं नाही की घरात एक वाक्य ठरलेलं असतं. 'काळजी करू नका, याचा मामाही सगळं उशिराच शिकला होता.' तुम्हीही ऐकलं असेल. आमच्याकडे तो मामा म्हणजे मी! माझ्या नावावर हे वाक्य इतक्यांदा खपलं, की भाच्याला डॉक्टरांकडे न्यायला चार महिने उशीर झाला.

भाचा दोन महिने आधी जन्मला. ती सूट धरली तरी वर्षाचा झाल्यावरही त्याला आधाराशिवाय बसता येत नव्हतं. अखेर डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. मग सुरू झाली ताईची वारी. भर उन्हात रिक्षा, नंबर लागेपर्यंत वाट बघणं आणि नेमकं आत जायच्या वेळी साहेब झोपलेले, नाहीतर रडून लालबुंद. अर्धा वेळ त्याला शांत करण्यातच जायचा.

दोन महिन्यांनी ताईने घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट शोधल्या. मला वाटलं, मोठी बॅग भरून सामान आणतील. त्यांनी आधी घर बघितलं. हॉलमधला लोड ओढला आणि भाच्याला त्यावर घोड्यासारखं बसवलं. आता तो आजीच्या चौरंगावर बसतो, समोर खुळखुळा वर धरला की उठतो, परत बसतो. झाला पायांचा व्यायाम! सोफ्यावर ओळीने वाट्या मांडल्या की त्या पाडत पाडत कडेकडेने चालतो. वॉकर मात्र माळ्यावर गेला. वॉकरने मूल लवकर चालतं, हा गैरसमज आहे. कॅनडाने तर २००४ मध्येच त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय.

ताईंचं येणं आठवड्यातून एक तास. बाकीचा आठवडा भाचा आमच्याच हातात असतो. म्हणून त्या त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त शिकवतात. कडेवर कसं घ्यायचं, जेवताना कसं बसवायचं, कुठे हात द्यायचा आणि मुख्य म्हणजे कुठे द्यायचा नाही. लहान मुलांची फिजिओथेरपी शक्य तिथे घरी व्हावी असं मला वाटतं, ते यासाठी. मूल जिथे दिवसभर खेळतं, तिथेच ते शिकतं. काही मुलांना केंद्रातली उपकरणं लागतातच, पण त्यांनाही घरचा सराव चुकत नाही.

'तुम्हाला परवडतं, ठीक आहे,' असं म्हणाल. अगदी बरोबर! म्हणूनच हा प्रश्न फक्त आमच्या घराचा नाही. २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. वाढीत उशीर दिसला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत उपचारांसाठी पाठवतात. योजना चांगलीच आहे. पण लांबच्या तालुक्यातली आई दर आठवड्याला मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन, एसटीने किती दिवस जाणार?

दुसरीकडे, बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं झालं की आशाताईंनी घरी जायचं, असा सरकारचाच कार्यक्रम आहे. म्हणजे घराचा रस्ता यंत्रणेला माहीत आहे. मग ज्या मुलाला गरज आहे, त्याच्या घरी महिन्यातून एकदा तरी थेरपिस्ट का जाऊ नये? पुढचा सराव घरचे करतील, आशाताई लक्ष ठेवतील.

तोवर तुम्ही-आम्ही काय करू शकतो? घरात आपण मामा, काका, मावशी, आत्या आहोत. मोबाइल आपल्याच हातात असतो, पण व्हिडिओ बघून बाळाचे पाय ओढू नका. थेरपिस्टची पदवी आणि लहान मुलांसोबतचा अनुभव विचारून घ्या. त्या शिकवतील तेव्हा आईच्या शेजारी बसा आणि रोजची पंधरा मिनिटं आपल्या अंगावर घ्या. ती माउली एकटी किती पुरणार?

भाचा अजून एकटा चालत नाही. कधी चालेल, याची तारीख ताई देत नाहीत. सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मात्र जातो, वाट्या पाडत. पुढच्या वेळी कुणी 'मामावर गेलाय' म्हणालं ना, तर हसा आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या.