८२४ किलोमीटरचे काय झाले?

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका



दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा-पाऊण तास सायकल चालवा. जमेल तेव्हा नाही, रोज." गोळ्या माझ्या मी आणतो. सायकलीला रस्ता लागतो, आणि तो देणे आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

सायकलीने हृदयाचे काय भले होते, ते आपण जाणताच. पायांचे मोठे स्नायू रोज लयीत राबले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलायला शिकते. बसल्या जागची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर स्नायू वापरून टाकतात. शरीराचा भार सीटवर असल्याने माझ्यासारख्या साठीतल्या माणसाचे गुडघेही वाचतात. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ब्रिटनमधल्या २,६३,४५० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. मोटारीने किंवा बस-रेल्वेने कामाला जाणाऱ्यांपेक्षा सायकलने जाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका ४६ टक्क्यांनी कमी आढळला. अशा पाहणीने कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही, हे मान्य. पण 'कामाला जाणाऱ्यांत' या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे. हा लाभ रविवारच्या हौशी फेरीचा नाही, रोजच्या येण्याजाण्याचा आहे.

त्याच २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपल्या मुख्य सभेने पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचे जाळे दाखवले होते. नागरिकांनी बैठकांना येऊन सूचना दिल्या होत्या. त्या ८२४ पैकी आज सलग, विनाअडथळा किती किलोमीटर वापरता येतात? आकडा आपल्या कार्यालयात असणारच. तो आम्हाला का सांगितला जात नाही?

भाड्याच्या सायकलीही त्याच महिन्यात आल्या. काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. लोकांनी वापरल्या नाहीत, असे म्हणून हा विषय मिटवू नये. त्या चालवायच्या कुठे, याचे उत्तर आधी कोणी दिले होते का?

आता एकच रस्ता घेऊ. स्वारगेट-कात्रज मार्गावर २००६ साली बीआरटी (जलद बससेवा) सुरू झाली, तेव्हा कडेने सायकल मार्गही आखले गेले. अंतर साधारण सहा किलोमीटर. बेताच्या वेगाने बावीस-चोवीस मिनिटे, जाऊन-येऊन पाऊण तास. आठवड्याचे पाच दिवस धरले तर पावणेचार तास होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे तो मार्ग सलग असता, तर त्या एका रस्त्यावरून नुसते कामाला जाऊन-येऊन माणसाचा व्यायाम पुरा झाला असता. वेगळा वेळ नको, जिमचे पैसे नकोत. धुणीभांडी करणाऱ्या बाईला आणि गोदामातल्या हमालालाही परवडेल असा हृदयाचा दुसरा कोणता विमा आपल्याकडे आहे?

शहरातले सायकल मार्ग आज कसे आहेत, ते आपण रोज गाडीतून पाहता. कुठे दुचाकी लावलेल्या, कुठे मधोमध विजेची डीपी, कुठे पेव्हर ब्लॉक उखडलेले. आणि चौक आला, की जिथे धोका सर्वांत जास्त तिथेच मार्ग संपतो. चौकात सोडून देणारा मार्ग कोणती आई आपल्या मुलाला वापरू देईल? तुकड्यांची बेरीज करून किलोमीटर दाखवता येतात, त्यावर सायकल चालवता येत नाही.

३ जूनला, जागतिक सायकल दिनी, फेऱ्या निघतात, टोप्या वाटल्या जातात, छायाचित्रे छापून येतात. ४ जूनला त्याच रस्त्यावर माणूस जीव मुठीत धरून निघतो.

हे सारे सवडीने करण्याचे काम नाही. 'इंटरहार्ट' या हृदयविकाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ निघाले. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. आमच्याकडे घर चालवणारी माणसे सहा वर्षे आधी कोसळतात. २०१७ साली पंचेचाळिशीत असलेला पुणेकर आज त्या वयाला पोचला आहे. आराखड्यातला रस्ता त्याला तेव्हाच मिळायला हवा होता.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. ८२४ किलोमीटरपैकी काय झाले, काय मोडले आणि काय सोडून दिले, याची रस्तानिहाय यादी जाहीर करावी. आणि स्वारगेट-कात्रज हा एक मार्ग, चौकांसह, कोणत्या तारखेपर्यंत सलग करणार, ते लेखी कळवावे. महिनाभराने मी पुन्हा पत्र लिहीन.

आपला,
एक पुणेकर, वय ६१