गोळीच्या आधी तपासणी

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातून बाहेर पडताना वस्तीतल्या एका मुलाने मला थांबवले. त्याच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांपर्यंत पोहोचला आहे. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मेसेज त्याने दाखवला : कॅन्सरवर नवी गोळी आली, केमोची गरज नाही. "ताई, खोली गहाण टाकू का?" त्याने विचारले. मी म्हटले, "बाबांच्या जनुकांची तपासणी झाली का?" हा शब्दच तो पहिल्यांदा ऐकत होता.

म्हणून हे लिहिते आहे. माझे म्हणणे साधे आहे. अशा औषधाचा निर्णय पैशापासून सुरू करू नका, तपासणीपासून करा. आणि गरीब आहोत म्हणून तपासणी नाकारूही देऊ नका.

त्या गोळीचे नाव ओलापरिब. आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएची रोज मोडतोड होते आणि पेशी ती दुरुस्त करत असते. वस्तीतल्या दोन नळांचे उदाहरण घ्या. एक नळ बीआरसीए या जनुकांचा, दुसरा पार्प नावाच्या प्रथिनाचा. काही रुग्णांच्या कॅन्सरच्या पेशींत पहिला नळ आधीच बंद पडलेला असतो. ही गोळी दुसरा नळ बंद करते, दुरुस्ती थांबते आणि ती पेशी मरते. पण पहिला नळ चालू असेल तर एकट्या या गोळीच्या हाती फारसे काही लागत नाही. खर्च आणि त्रास मात्र पूर्ण होतो.

मग असा दोष किती जणांत असतो? 2020 साली प्रोफाउंड नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांची तपासणी नीट होऊ शकली, त्या 100 पैकी सुमारे 28 जणांत दुरुस्तीच्या जनुकांपैकी कुठला तरी दोष सापडला. म्हणजे बाकीच्या 72 जणांसाठी ही गोळी नव्हतीच. बीआरसीए किंवा एटीएम जनुकात दोष असलेल्या रुग्णांचा आजार गोळीवर साधारण 7.4 महिने आटोक्यात राहिला, दुसऱ्या उपचारावर 3.6 महिने. आयुष्य साधारण 19 महिने, दुसऱ्या गटात पावणेपंधरा. सर्वांत जास्त फायदा बीआरसीएचा दोष असलेल्यांना झाला.

हे आकडे नीट वाचा. चार महिने म्हणजे काही थोडे नाहीत. नातवाचे तोंड पाहायला तेवढे पुरतात. पण आजार मुळापासून गेला, असे यात कुठेही नाही. खोली गहाण टाकण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, आणि मुख्य म्हणजे रुग्णाला, हे ठाऊक असले पाहिजे.

ही पहिली गोळीही नव्हे. आधी पुरुषी हार्मोन कमी करण्याचा उपचार होतो, इंजेक्शनाने किंवा अंडकोष काढण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेने. त्यानंतरही पीएसए वाढत राहिला, अबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइडही पुरेसे पडले नाही, की मग हिचा विचार येतो. बीआरसीएचा दोष असेल तर अलीकडे अबिराटेरोनच्या जोडीनेही ती देतात.

तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावर होते. मेणात जपलेला तो ब्लॉक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात असतो. तो मागून घ्या, जपून ठेवा. प्रोफाउंडमध्ये जवळपास एक तृतीयांश नमुने वाचताच आले नव्हते. तसे झाले तर रक्तावर तपासणी करता येते का, ते विचारा.

काही डॉक्टर सांगतात, "औषध परवडणार नाही, मग तपासणी कशाला?" मला हे पटत नाही. दोष सापडला तर प्लॅटिनम गटातली जुनी, तुलनेने स्वस्त केमोही काही रुग्णांना उपयोगी पडू शकते. दुसरे, हा दोष आईवडिलांकडून आलेला असेल तर प्रत्येक मुलामुलीत तो येण्याची शक्यता निम्मी असते. बीआरसीएचा दोष मुलीत उतरला तर तिला स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तिला वेळेवर कळले तर ती तपासण्या करून घेऊ शकते. बापाचा अहवाल लेकीचा जीव वाचवू शकतो. लघवीचा आजार म्हणून आपले पुरुष तो लाजेने लपवतात, आणि त्याची किंमत लेकींना मोजावी लागू शकते.

गोळीचा त्रासही समजून घ्या. रक्त कमी होते, कधी रक्त चढवावे लागते. मळमळ, थकवा येतो. दर महिन्याला रक्ततपासणी चुकवून चालत नाही. क्वचित अस्थिमज्जेचा गंभीर आजारही होतो. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसाने हे डॉक्टरांशी आधीच बोलावे.

म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. जनुकांची तपासणी झाली का? दोष नेमका कुठल्या जनुकात आहे, आणि तो फक्त गाठीत आहे की जन्मतः? कुठले उपचार अजून बाकी आहेत? गोळीचा उपयोग होतो की नाही, हे किती महिन्यांनी ठरवणार? पाचवा प्रश्न आरोग्यमित्राला आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते? उत्तर कागदावर मागा. सोबत घरातल्या बाईमाणसालाही न्या. औषधाच्या वेळा आणि घरखर्च बहुतेक घरांत तिच्याच हातात असतो.

त्या मुलाने ब्लॉक मिळवून तपासणीला दिला आहे. अहवाल यायचा आहे. खोली अजून त्यांच्याच नावावर आहे.