माऊस कोणाच्या हातात?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरभोवती पूर्ण फेरी मारली, तरी आकार तोच दिसतो: कंबर बारीक, तळ रुंद. जिओजेब्रा या मोफत गणिती सॉफ्टवेअरमध्ये असाच आकार काढून उभ्या अक्षाभोवती फिरवला, तर काहीच बदलत नाही. पुढे कलवला, की आतली पोकळी दिसते. म्हणजे कोणत्या अक्षाभोवती फिरवायचे, हे आधी ठरवावे लागते. खरे शिकणे तिथेच असते.

डिजिटल फळ्यांवर आता शंकुछेद आणि गोल गरगर फिरतात. पण माऊस बहुधा शिक्षकांच्या हातात असतो आणि वर्ग प्रेक्षक होतो.

पडदा सपाट असतो. खोली मेंदू रचतो, तीही बरीचशी हालचालीवरून. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या अमेरिकी संशोधकांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून त्या एकच आहेत का, हे विचारले. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागला. जणू माणसे मनातल्या मनात ठोकळा फिरवत होती. ही क्षमता सरावाने वाढते, असे २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले. तरीही दहावीत महत्त्वमापन अडले, की 'याला भूमिती जमतच नाही' असा शिक्का बसतो. तो बहुतेकदा घाईचा असतो.

पुढे या क्षमतेवर बरेच अवलंबून असते. रेल्वेच्या शेडमधला फिटर कागदावरच्या तीन बाजूंच्या चित्रांवरून सुटा भाग ओळखतो. खुब्याची खोबण मोडली, तर साध्या एक्स-रेत हाडे एकमेकांवर पडतात. सीटी स्कॅनचे काप जोडून संगणक अख्खे हाड उभे करतो आणि सर्जन ते पडद्यावर कलवून पाहतो. शस्त्रक्रियेत मात्र रुग्ण तसा फिरवता येत नाही, तिथे हाड डोक्यातच फिरवावे लागते.

शाळेत एकच संगणक असला तरी चालेल. 'उजवीकडे कलवल्यावर काय दिसेल?' हे आधी प्रत्येकाने वहीत काढावे, मग पाळीपाळीने स्वतः फिरवून पाहावे. संगणक नसेल तर केळे आहेच, खानदेशात त्याला तोटा नाही. आडवे कापले की काप गोलसर, तिरपे कापले की लांबट.

काही मुलांना फिरते चित्र पाहून मळमळते. डोळे हालचाल सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, आपण स्थिर आहोत. अशा वेळी चित्र थांबवावे, मग सावकाश फिरवावे.