व्हिडिओ कॉलवरचा पोलीस खोटा आहे, फोन ठेवा!

मीरा-भाईंदरकरांनो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा टीव्ही बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगा. फोनवर कुणालाही अटक होत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. आईला सांगा, सासऱ्यांना सांगा, गावी एकट्या राहणाऱ्या आत्यालाही फोन करून सांगा.

सरकारी माणूस असल्याचं भासवून फोनवर धाक घालायची ही चाल आपल्या शहराला नवी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि ७००हून अधिक जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं. इथून फोन जायचे ते थेट अमेरिकेत. मी कर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, पैसे भरा नाहीतर पोलीस येतील. घाबरलेली माणसं दुकानात धावत जाऊन गिफ्ट कार्ड घ्यायची आणि त्यावरचे नंबर फोनवर वाचून दाखवायची. तेव्हा ती लांबच्या लोकांची डोकेदुखी वाटली. आता तोच धाक आपल्या आई-वडिलांना घातला जातोय.

सुरुवात साधी असते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुमचं आधार कार्ड काळ्या पैशाच्या प्रकरणात आलंय. मग व्हिडिओ कॉल. समोर वर्दी, मागे अशोकस्तंभ. कॅमेरा बंद करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, घरात कुणाला सांगू नका. शेवटी ‘पडताळणीसाठी’ एफडी मोडून पैसे एका खात्यात भरायला लावतात. पेन्शनीतून साठवलेली पुंजी, नातीच्या शिक्षणाची ठेव, सगळं एका दुपारीही जाऊ शकतं.

त्यातलं ‘कुणाला सांगू नका’ एवढं नीट ऐका. चोर तिथेच उघडा पडतो. ते ऐकलंत की फोन ठेवा. उद्धटपणा होईल असं वाटू देऊ नका. दार उघडा, शेजारची बेल वाजवा, मोठ्याने सगळं सांगा. शंका उरलीच तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जा. आणि मजल्यावरचे काका दोन दिवस खाली फिरायला आले नसतील, तर तुम्हीच त्यांची बेल वाजवा.

काही चोर धाक घालत नाहीत, चहा पाजतात. ‘टोरेस’ ही कंपनी आठवा. दादरपासून मीरा रोडपर्यंत झगमगीत दुकानं, खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला ६ टक्क्यांसारखे परतावे, आणि जानेवारी २०२५ मध्ये बंद शटरपुढे रडणारी माणसं. त्यात भाजीविक्रेतेही होते. त्यांना हावरट म्हणणं मला पटत नाही. पहिले हप्ते खरोखर मिळाले होते आणि सांगणारा बहुतेकदा ओळखीचाच होता. पण हिशेब करा. आठवड्याला ६ टक्के म्हणजे १७ आठवड्यांत मुद्दल वसूल! असा कोणता धंदा आहे? तुमचा हप्ता दुसऱ्या कुणाच्या तरी मुद्दलातून येत होता.

म्हणून कुणी अशी स्कीम आणली, मग तो सख्खा मेहुणा का असेना, कंपनीची नोंदणी मागा. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर शोधा. शेअरच्या टिप्स देणारा असेल तर सेबीकडे नाव आहे का बघा. सापडलं नाही तर नाही म्हणा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तसं लिहा. पैसे येणार असतील तर यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हेही त्यातच लिहा. कॉलेजातल्या मुलांना बजावा: कमिशनसाठी आपलं बँक खातं कुणाला वापरायला देऊ नका. लुटीचा पैसा अशाच खात्यांतून पळतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या घरी येतात.

तरीही पैसे गेलेच तर? लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. लागला नाही तर पुन्हा लावा. बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. चोराने रक्कम पुढे फिरवण्याआधी कळलं, तर ती गोठवता येते. इथे एकेक मिनिट मोलाचं आहे. हा नंबर आत्ता सेव्ह करा, आईच्या फोनमध्येही तुमच्या हाताने करून द्या. आणि उद्या घरातलं कुणी मान खाली घालून ‘माझ्याकडून पैसे गेले’ म्हणालं, तर ओरडू नका. त्यांना शेजारी बसवा आणि फोन हातात घ्या.